चौदा नंबरचा दात

तारीख अठरा जुलै, वार सोमवार. ठरलेली रक्कम दर दाताला दहा रुपये. सभा सुरू होताना दहा होती, संपताना शून्य झाली. हजर: मुख्याध्यापक, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या शेवंताबाई, सव्वीस आया, चार बाप, डॉक्टर आणि मी. जागा आरमोरीच्या पुढे जंगलाला लागून असलेल्या एका गावची जिल्हा परिषदेची शाळा. गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जी चूक आहे ती त्या गावाची नाही, माझी आहे.

डॉक्टर दातांचे. नागपूरकडच्या एका कॉलेजातून निवृत्त होऊन ब्रह्मपुरीला येऊन राहिलेले, एकटेच. त्यांना एक गोष्ट मोजायची होती. लहान मुलांच्या दातांना फ्लोराइडचं जेल लावलं, तर त्यातलं किती फ्लोराइड दाताच्या वरच्या कवचात खरोखर शिरतं आणि किती नुसतं थुंकीत जातं. त्यासाठी त्यांना मुलांचे पडलेले दुधाचे दात हवे होते. दात पडला की आमच्याकडे पोर तो घराच्या कवेलूवर, म्हणजे कौलांवर, फेकतं आणि उंदराकडे नवा मागतं. म्हणून डॉक्टरांनी दाताला दहा रुपये जाहीर केले.

मग शेवंताबाई उभ्या राहिल्या.

"डॉक्टरसाब, दात इकत नाई आमी."

"विकत नाई म्हनत, बाई. तपासाले पाहिजे."

"अन् मंग नवा दात कोन देईन? तुमी?"

सगळ्या बाया हसल्या. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "टाकाच लागते का कवेलूवर?"

"टाकाच लागते."

"लगेच, का थांबून टाकला तं चालन?"

हा प्रश्न त्या गावात कोणी कधी विचारला नव्हता. बराच वेळ चर्चा झाली. शेवटी एका म्हाताऱ्या बाईने निकाल दिला की उंदीर काही घड्याळ घालत नाही. मग ठरलं ते असं: दात डॉक्टरांनी न्यायचा, तपासायचा, आणि परत आणून ज्याचा दात त्याच्या समोर, त्याच्याच घरावर, स्वतः फेकायचा. पैसे नाहीत. डॉक्टरांनी मला सांगितलं, "लिव. दर दाताला एक दात."

मी लिहिलं. मी तेव्हा बत्तीस वर्षांचा होतो. बीएस्सी झालेलो, तीन ठिकाणी तात्पुरती शिक्षकी करून सुटलेलो, घरी बायको आणि दीड वर्षाची मुलगी. डॉक्टरांनी मला नोंदवही सांभाळायला ठेवलं होतं.

ते माणसाच्या तोंडाकडे बघायचे, चेहऱ्याकडे नाही. पहिल्या दिवशी मी नमस्कार केला, तर म्हणाले, "खालची उजवी दाढ काढली तुझी. कधी?" मी म्हटलं, दोन-तीन वर्षं झाली. "दोन का तीन?" मला सांगता आलं नाही. "मंग माहीत नाई म्हन. दोन-तीन म्हंजे काईच नाई." बाजारात भाजीवाल्याचं नाव त्यांना ठाऊक नसायचं, पण तो हसला की ते लांबूनच ओळखायचे. काळीपिवळीत शेजारी बसलेला माणूस जांभई देईल तेव्हा त्यांचं वाचन बंद पडायचं. एकदा एसटीच्या कंडक्टरने सुट्ट्या पैशांवरून त्यांच्यावर आरडाओरडा केला. तो थांबल्यावर डॉक्टर म्हणाले, "वरची डावी सुळ्याच्या मागची दुखून राह्यली ना तुझी? म्हनून चिडचिड होते." कंडक्टरने पैसे घेतले नाहीत.

त्यांच्या घरच्या फ्रिजमध्ये दूध नव्हतं, दात होते. छोट्या छोट्या बाटल्यांत, प्रत्येकीवर नुसता दाताचा क्रमांक. तो दात कोणत्या पट क्रमांकाचा, ते फक्त माझ्या यादीत. फ्लोराइड मोजायचं मशीन त्यांनी स्वतःच्या भविष्य निर्वाह निधीतून घेतलं होतं आणि ते स्वयंपाकघराच्या ओट्यावर मांडलं होतं. शेगडीला जागा उरली नाही म्हणून ती अंगणात गेली.

आकडा गोल केलेला त्यांना सहन व्हायचा नाही. आणि खोडरबर तर त्यांच्या घरात औषधालाही सापडलं नसतं. चुकलं की त्या आकड्यावर एक आडवी रेघ मारायची, खालचा चुकीचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, तारीख आणि सही. "चूक झाकाची नाई, तिच्यावर कवेलू घालाचं नाई," असं म्हणायचे. दाताच्या कवचालाही ते कवेलूच म्हणायचे. गावोगाव एकच समजावणी: गोड खाल्लं की तोंडात आंबट तयार होतं, ते कवचात शिरतं, आणि कवेलू फुटलं की पाणी घरात. जेलमधलं फ्लोराइड त्या कवेलूला बळकट करतं.

पण जेल लावण्याआधी ते गावचं पाणी तपासायचे. आमच्या भागात काही गावांच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असतं. तिथे मुलांचे दात पिवळे-तपकिरी पडतात, हाडंसुद्धा धरतात. अशा गावात जेलचा थेंबही नाही. हातपंपाला आमच्याकडे बोरिंग म्हणतात. डॉक्टर प्रत्येक बोरिंगचं पाणी बाटलीत भरायचे, वर एक घोटही घ्यायचे. मी विचारलं, चवीने कळतं का? म्हणाले, "नाई कळत. पन ज्या पोट्ट्याइले आपन तपासतो, त्याइचं पानी आपन प्यालं पाहिजे." ह्या गावात दोन बोरिंगा. एक शाळेजवळ, दुसरी ओढ्यापलीकडच्या टोल्यात, म्हणजे वस्तीत. दोन्हींचं पाणी चांगलं निघालं.

सहा वर्षं पूर्ण झालेली, पहिली ते तिसरीची मुलं सेहेचाळीस. पट क्रमांक विषम असलेल्या तेवीस जणांना जेल, सम असलेल्या तेवीस जणांना सध्या काही नाही. वर्षभरात दात गोळा झाले की मग त्यांनाही. फरक कळायचा तर असंच करावं लागतं. कोण विषम, कोण सम, हे फक्त मला माहीत. मी नाव पुकारायचं, मूल समोर येणार, डॉक्टर जेल लावणार. ते किती जणांना लावलं हेही मोजायचे नाहीत. मोजणं हा त्यांचा श्वास होता, म्हणून ते टाळायला त्यांना युक्ती करावी लागे. "मले मोजू देऊ नको. मी मोजलं का मले समजते, अन् समजलं का मशीनपुढं माझा हात खोटं बोलन." वापरलेले ट्रे मोजून नोंदवायचे, तेही काम माझं.

ती युक्ती म्हणजे वाघाची गोष्ट. जेलचा ट्रे दातांवर चार मिनिटं ठेवावा लागतो. मान खाली, लाळ गिळायची नाही, बोलायचं नाही. तेवढा वेळ डॉक्टर गोष्ट सांगायचे. एका वाघाची दाढ दुखायला लागते आणि तो आरमोरीच्या दवाखान्यात येऊन रांगेत बसतो. पुढे बसलेल्या म्हातारीला तो म्हणतो, बाई, माझा नंबर आधी लावा. म्हातारी म्हणते, काऊन, मी माणूस नाई का? मुलांना हसू फुटायचं, तोंडातून नारिंगी लाळ गळायची, डॉक्टर दटावायचे, "हसाचं नाई! मान खाली!" आणि चार मिनिटं झाली की वाक्याच्या मधेच थांबून ओरडायचे, "थुका!" पुढचं मूल आलं की गोष्ट पहिल्यापासून. वाघाचा नंबर लागला की नाही, हे त्या शाळेत कोणालाही कळलं नाही.

थुंकल्यावर अर्धा तास पाणी नाही, खाणं नाही. तो अर्धा तास डॉक्टर बोरिंगच्या दांड्यावर हात ठेवून पहारा द्यायचे. साठीचा माणूस उन्हात उभा, भोवती तहानलेली पोरं. तिकडे शेवंताबाई खिचडीच्या गंजात डाव फिरवत.

"डॉक्टरसाब, भात थंडा होऊन राह्यला!"

"अकरा मिनिटं राह्यली, बाई."

"अकरा मिनिटात गोळा होते त्याचा. तुमी खासान का?"

"खाईन."

आणि ते खरंच खायचे. मुलांच्या पंगतीत शेवटी बसून, गोळा झालेली खिचडी.

आता माझी चूक.

डिसेंबरात जेलची दुसरी फेरी होती. सम क्रमांकाची जी मुलं शाळेशेजारीच राहत, ती चौदा जणं आपलं नाव नाही म्हटल्यावर घरी पळाली. टोल्यातली नऊ मुलं राहिली. त्यांना खिचडी खाऊनच ओढा ओलांडायचा होता. ती भिंतीला टेकून ओळीने बसली, मांडीवर ताटली, आणि समोर नारिंगी जेल लावून घेणाऱ्यांकडे बघत राहिली. शेवंताबाई पंगत एकदमच वाढायच्या. अर्धी मुलं आधी आणि अर्धी नंतर, असं त्यांना चालत नव्हतं. म्हणजे ज्यांना जेल नाही, तीही अर्धा तास उपाशी.

शेवंताबाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "भाऊ, हे कसं हो तुमचं? गोड त्याइले, अन् उपास सगळ्याइले?"

"तसं करावं लागते, बाई. फरक कळला पाहिजे."

"पंगतीत बसवून अर्ध्याले वाढाचं अन् अर्ध्याले पाहाले लावाचं, असं आमच्या टोल्यात कुत्र्यालेही करत नाई आमी."

माझे वडील ज्या काळात वाढले, त्या काळात लग्नात आमच्या लोकांची पंगत वेगळी, शेवटी आणि लांब बसायची. ते त्याबद्दल घरात कधी बोलले नाहीत. फक्त कोणत्याही जेवणात शेवटच्या माणसाच्या ताटात पडल्याशिवाय ते घास उचलायचे नाहीत. आम्हीही नाही. मी त्या नऊ मुलांकडे बघितलं. टोकाला पट क्रमांक चौदा, सोनाली. पुढच्या दोन दातांतला एक जरा वळलेला. ती काही मागत नव्हती. वाघाची गोष्ट ऐकत होती, आणि डॉक्टर "मान खाली" म्हणाले की तीही मान खाली घालत होती.

मी यादीतलं शेवटचं विषम नाव पुकारलं. मग म्हटलं, "सोनाली." मग उरलेली आठ.

डॉक्टरांनी नऊही जणांना जेल लावलं, नऊ वेळा वाघ दवाखान्यात बसवला. त्यांना काहीच कळलं नाही, कारण त्यांनी कळून न घेण्याची शिस्त पाळली होती. संध्याकाळी वहीत ट्रेचा आकडा लिहायची वेळ आली. बत्तीस झाले होते. मी तेवीस लिहिले. आयुष्यात मी लिहिलेला तो पहिला खोटा आकडा. अक्षर इतकं चांगलं आलं होतं की मलाच राग आला.

मी स्वतःला सांगितलं की नऊ मुलांनी काय होतं.

त्या गावातून एकूण एकसष्ट दात आले. कोणी कागदात बांधून, कोणी काडेपेटीत. एकाने बकरीच्या पिलाचा दात दिला, तो डॉक्टरांनी बघता क्षणी ओळखला आणि सन्मानाने परत केला. पुढच्या पावसाळ्यात त्यांनी मोजणी केली. दातावर मेणाने एवढीशी खिडकी सोडायची, त्या जागेवर आम्लाचा थेंब काही सेकंद, आणि त्यात उतरलेलं फ्लोराइड मशीनला विचारायचं. दात जवळपास जसाच्या तसा राहतो. कबूल केल्याप्रमाणे परत करायचा होता ना.

सप्टेंबरात एका सकाळी आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात समोरासमोर बसलो. ते दाताचा क्रमांक आणि आकडा वाचणार, मी यादी बघून विषम की सम सांगणार. विषम चढे निघाले, सम उतरते. डॉक्टर खूश होते. मग सम क्रमांकांपैकी काही दात चढे निघायला लागले. एक, तीन, सात. शेवटी अकरा. मला माहीत होतं ते कोणाचे असणार. त्यांनी मुलांचे पत्ते मागितले. अकराच्या अकरा दात टोल्यातल्या नऊ मुलांचे. आणि डिसेंबरच्या आधी टोल्यातल्या सम मुलांचा एकही दात पडलेला नव्हता, म्हणजे ताडून बघायलाही काही नव्हतं.

डॉक्टर उठून फेऱ्या मारू लागले.

"टोल्याच्या बोरिंगमदी आहे हे."

"पाणी तं चांगलं निघालं होतं, सर."

"पावसाळ्यात तपासलं होतं आपन. उन्हाळ्यात खोल गेलं का चढत असन. पानी ऋतूनं बदलते. दात नाई बदलत. दात सांगून राह्यला का त्या पोट्ट्याइच्या तोंडात फ्लोराइड कुठूनतरी गेलं. अन् वरून आपन विषमवाल्याइले जेल लावलं! म्हंजे आपन पोट्ट्याइचं नुकसान केलं."

त्यांचा चेहरा उतरला होता. हा माणूस कंडक्टरच्या शिव्यांना हलला नव्हता. त्यांनी कागद ओढला आणि पाणीपुरवठ्याच्या साहेबांना पत्र लिहायला घेतलं: टोल्यातली बोरिंग तपासणी पूर्ण होईपर्यंत बंद करावी. टोल्यात दुसरं पाणी नव्हतं. ती बंद झाली की शेवंताबाईंसकट सगळ्या बायांनी ओढा उतरून शाळेजवळच्या बोरिंगवर यायचं, उन्हाळाभर, भरल्या हंड्याने परत चढायचं. आणि एकदा धोक्याचा तांबडा रंग लागलेली बोरिंग पुन्हा चालू व्हायला किती महिने लागतात, हे आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे.

दोन ओळी लिहून झाल्या. मी बघत होतो. माझ्या मनात त्या वेळी टोला नव्हता, खरं सांगतो. माझा पगार होता, मुलीचं दूध होतं, आणि हा माणूस आता आपल्याला काय म्हणेल हे होतं. तिसऱ्या ओळीत त्यांनी "बोरिंग" शब्द लिहिला आणि मी म्हणालो, "सर, पत्र लिहू नका. बोरिंग चांगली आहे. मी डिसेंबरात त्यांना पुकारलं."

लेखणी थांबली.

"किती?"

"नऊ."

"नंबर."

मी नऊ नंबर सांगितले. त्यांनी ते लिहिले. मग अकरा दातांचे पट क्रमांक त्यांच्यासमोर मांडले आणि एकेक टिचकी मारत ताडून बघितले. दोनदा. पहिल्यांदा वरून खाली, मग खालून वर. मला वाटलं आता उठवतील.

"अकराच्या अकरा," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक. मग मोठ्याने, "अकराच्या अकरा, लेका! मले माहीत नव्हतं, मशीनले माहीत नव्हतं. वही खोटं बोलत होती. अन् दातानं बरोबर पकडलं तुले!"

ते हसत होते. डोळ्यांत पाणी होतं. जेल कवचात शिरतं आणि त्यांचं मशीन ते नीट मोजतं, ह्याचा इतका चोख पुरावा त्यांना मागूनही मिळाला नसता. मीही हसणार होतो, तेवढ्यात त्यांचं हसू थांबलं.

"काऊन केलं?"

मी पंगतीचं सांगितलं. शेवंताबाईंचं वाक्य सांगितलं. वडिलांचं सांगावंसं वाटलं नव्हतं, पण तेही सांगून झालं. त्यांनी अर्धवट पत्राची घडी करून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "मंग पंगत मीच चुकीची बसवली."

मला ते बरं वाटलं, पण ते माझ्या सोयीसाठी बोलले नव्हते. लगेच पुढे म्हणाले, "पन ते तेवीस तू लिवले. पंगतीनं नाई लिवले. वही आन."

तेवीसवर मी एक आडवी रेघ मारली. शेजारी बत्तीस, तारीख, सही. त्यांनी ते तपासलं, रेघेखालचा आकडा वाचता येतो ना ते बघितलं. मग त्या गावचे एकसष्टच्या एकसष्ट दात हिशेबातून बाद केले. वर्षाची मेहनत, एका रेघेत. अहवालात त्यांनी सगळं लिहिलं: चूक कोणाची, कशी झाली, कशी कळली. माझं नावही. मी विचारलं, मी उद्यापासून येऊ की नको?

"काऊन? नऊ वाजता येजो. पेन्सिल आनजो, तुझी संपली."

गावाला सांगायचं काम मात्र माझं होतं. पुन्हा सभा भरली. मी उभा राहून सगळं सांगितलं: दात बाद झाले, आणि टोल्याची बोरिंगही बंद होता होता थोडक्यात वाचली. शेवंताबाईंनी पदर खोचला.

"म्हंजे तुमच्या एका आकड्यापायी आमी उन्हाळाभर ओढा चढलो असतो, भाऊ?"

"हो, बाई."

"अन् एवढं करून टोल्यातलेच नऊ पुकारले? गावातले चौदा काऊन ठेवले मंग? ते पोट्टे नाई का?"

गावातल्या बायांनी ह्यावर त्यांना दुजोरा दिला. मला सगळ्यात जास्त बोलणी बसली ती ह्यासाठी, की खोटेपणा करायचाच होता तर पूर्ण का नाही केला. उरलेल्या चौदा जणांना डॉक्टरांनी त्याच दिवशी जेल लावलं. आणि पुढच्या शाळेपासून त्यांनी पद्धतच बदलली. सगळी मुलं एकाच ओळीत, सगळ्यांच्या तोंडात ट्रे, सगळ्यांना नारिंगी चव, सगळ्यांना वाघ. जेलचे डबे दोन, त्यांतल्या कोणत्यात फ्लोराइड आहे हे एका बंद पाकिटात. बिनफ्लोराइडच्या डब्यातलं लावलेल्या मुलांची खऱ्या जेलची पाळीही वर्षाने यायचीच. अहवालात ह्या बदलापुढे त्यांनी लिहिलं, "शाळेच्या स्वयंपाकिणीच्या सूचनेवरून." मी म्हटलं, कॉलेजातले लोक हसतील. म्हणाले, "हसू दे. दात दिसतीन त्याइचे."

मग परतफेड. हिशेबात नसलेले दात परत करायची काय घाई, असं मला वाटलं होतं. डॉक्टर म्हणाले, आधी तेच. आम्ही दारोदार गेलो. ज्याचा दात तो समोर, मग डॉक्टर चप्पल काढणार, दात चिमटीत धरणार आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारणार, "तुमच्यात काय म्हनते टाकताना?" टोल्यातल्या घरांमध्ये ते त्यांच्या बोलीत म्हणायचं असे. डॉक्टर ते मोडकंतोडकं म्हणायचे, म्हातारी दुरुस्त करायची, ते पुन्हा म्हणायचे. तिचं समाधान होईपर्यंत दात फेकायचे नाहीत. एका घरावर नवे टिनाचे पत्रे होते. दात खणकन आपटून परत आमच्या पायाशी आला. तो चौथ्यांदा टिकला.

जानेवारीपर्यंत साठ झाले. एकसष्टावा सोनालीचा. घराला कुलूप. सगळं कुटुंब मिरची तोडायला तेलंगणात गेलेलं. मी म्हटलं, टाकून देऊ कवेलूवर. डॉक्टर म्हणाले, "ज्याचा दात तो समोर पाहिजे. ठरलं हाय." ते कुटुंब परत आलं नाही, तिकडून कुठे मामाच्या गावी गेलं म्हणे. डॉक्टरांनी ती बाटली माझ्या हातात दिली. "हे तुयापाशी ठेव. चौदा नंबर तुया नावावर निघते."

त्यांच्याकडे मी आणखी पाच वर्षं काढली. पुढे ब्रह्मपुरीतल्या एका कॉलेजात हिशेबनीस लागलो, तेही त्यांच्या पत्रावर. पत्र दोन ओळींचं होतं. पहिल्या ओळीत मी खोटा आकडा लिहिल्याचं, तारखेसकट. दुसऱ्या ओळीत मी तो सांगितल्याचं. मी विनवलं की पहिली ओळ काढा. त्यांनी काढली नाही. प्राचार्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि मला तिजोरीची किल्ली दिली.

बुद्धपौर्णिमेला ते आमच्याकडे यायचे. आई खीर वाढायची, ते दोन वाट्या खाऊन उठायचे, अंगणात जाऊन सात वेळा चूळ भरायचे आणि माझ्या मुलीला समोर बसवून तोंड उघडायला लावायचे. तिच्या दाढांत आजवर एक कीड नाही. चार वर्षांपूर्वी ते गेले. मी घर बांधलं तेव्हा पुढे स्लॅब टाकला, मागची स्वयंपाकाची खोली मात्र कवेलूची ठेवली. बायको दर वर्षी म्हणते, ती गळते, काढा. मी कारण सांगितलं नव्हतं. मलाही नीट माहीत नव्हतं.

यंदा जुलैत प्रवेशाच्या खिडकीवर एक मुलगी आली. मी आधी तोंडाकडे बघितलं. ती सवय त्यांचीच लागली. पुढच्या दोन दातांतला एक जरा वळलेला, कायमचा दातही तसाच आलेला. मग अर्जावरचं नाव आणि जन्मगाव वाचलं. मी म्हटलं, "सोनाली, तुझा एक दात माझ्याकडे आहे."

मागची रांग खिडकीवर वाकून बघू लागली. ती घाबरली असावी. मी वाघाचं सांगितल्यावर एकदम हसली.

रविवारी ती घरी आली. मी कपाटातून बाटली काढली. तिने दात तळहातावर घेतला. तांदळाच्या दाण्याहून जरा मोठा, एका बाजूला मेणाच्या खिडकीचा पुसट डाग.

"सर, नवा तं केव्हाचा आला. आता टाकला तं काय येईन? अक्कलदाढ?"

"ती मला यायला हवी होती. तू टाक."

"तुमी टाका ना, इथंच. आमच्या घरावर आता स्लॅब हाय. डॉक्टर टाकत होते म्हनते."

मी चप्पल काढली. तिला विचारलं, तुमच्यात काय म्हणतात. तिला अर्धंच आठवलं. मी तेवढंच म्हटलं आणि दात फेकला. तो पहिल्याच फेकीत दोन कवेलूंच्या मधे बसला.

"सर, त्या वाघाचा नंबर लागला का मंग?"

"माहीत नाही. चार मिनिटं झाली की ते थांबायचे."

बायकोने तिला खीर वाढली. ती जेवून, चूळ भरून गेली. मी जुनी वही काढली आणि शेवटच्या रिकाम्या ओळीत लिहिलं: दात एक, पट क्रमांक चौदा. परत दिला सोनालीला, तिच्या समोर, माझ्या घरच्या कवेलूवर. आले एकसष्ट, फेडले एकसष्ट. तारीख. सही.